विजया तेलाची सिद्धी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

अजेय आला. एक वर्ष सहा महिने एकोणीस दिवसांनी. किल्ली त्याच्याजवळ असूनही त्याने घंटा वाजवली आणि मी दार उघडल्यावर ‘येऊ का?’ असे विचारले. स्वतःच्या घरात येण्यास मुलाने परवानगी मागणे हे व्याकरणदृष्ट्या शुद्ध, अन्यथा निरर्थक वाक्य आहे. मी ‘ये’ म्हणालो.

त्याच्या न येण्याचे कारण मला अद्याप कळलेले नाही. घटनाक्रम मात्र निर्विवाद आहे. गेल्याच्या गेल्या संक्रांतीला त्याचे सासरे विवेकराव इथे कलकत्त्यात आमच्याकडे जेवायला होते. ते म्हणाले, “मुलं राजारहाटला वेगळी राहायला लागली आणि वृंदावहिनींचं बीपी उतरलं. म्हणजे वेगळं राहणं तब्येतीला बरं.” अनुमान सदोष होते. त्याच महिन्यात अजेयने आईला नव्या डॉक्टरांकडे नेऊन औषध बदलून आणले होते. रक्तदाब त्यामुळे उतरला. अनुमानात दडून बसलेल्या अशा खऱ्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. म्हणून मी सर्वांसमक्ष आणि पूर्ण स्पष्टपणे म्हणालो, “विवेकराव, यातली उपाधी म्हणजे अजेय. दुसरे काही नाही.” श्रेय ज्याचे त्याला दिले. तो गुळपोळी अर्धी टाकून उठला आणि मानसी त्याच्यामागून गेली. विवेकरावांनी माझ्या स्पष्टवक्तेपणाचे कौतुक केले, तेही मला उलगडले नाही.

आज तो बसला आणि म्हणाला, “बाबा, मी जॉब सोडला.”

“कोणत्या हेतूने?”

“हेम्प. लीगल हेम्प. डोंगरात शेती, सरकारी परवान्यानं. त्यातून सीबीडी ऑइल. नशा नाही, फक्त आराम. पंचवीस हजार कोटींचं मार्केट आहे.”

“आहे, की होईल?”

“दोन हजार तीसपर्यंत.”

“म्हणजे नाही.”

वृंदा आतून म्हणाली, “अहो, त्याला आधी पाणी तरी पिऊ द्या.”

त्याने खिशातून तपकिरी बाटली काढली. नाव ‘विजया तेल’. विजया हे भांगेचे आयुर्वेदातील नाव; झाडातील नशेचे द्रव्य वगळून वेदना शमवणारे तेवढे घ्यायचे, असा दावा आहे. कंपनीचे नाव ‘सप्तपर्ण’, कारण भांगेच्या पानाला सात बोटे असतात. मी निदर्शनास आणले की सप्तपर्ण हा निराळाच वृक्ष आहे, बंगाली लोक त्याला छातिम म्हणतात, आणि तो या क्षणी आमच्या खिडकीबाहेर उभा आहे. अजेय म्हणाला, “लोगो छापून झालाय, बाबा.”

मग त्याने खाली बसून वृंदाच्या गुडघ्यांना तेल लावून दाखवले. “आई, असं. खालून वर.” प्रात्यक्षिकाला दोन मिनिटे पुरली असती. त्याने पंचवीस घेतली. वृंदाने त्याला एकदाही थांबवले नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

कायदा वाचला. मसुदा करणारा मनुष्य विचारी असावा. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती वगळायची. म्हणजे तेच पान शेंड्याच्या संगतीत गुन्हेगार आणि एकटे असता निर्दोष. संगतीचा एवढा गंभीर विचार मी आजवर फक्त शाळकरी मुलांच्या आयांकडून ऐकला होता.

अजेय सांगतो त्या डोंगरी राज्यात नशेच्या द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असेल तर ते पीक. त्याहून अधिक असेल तर ते नष्ट करायचे. सबंध शेत एका दशांश चिन्हावर उभे आहे. झाडाला ही मर्यादा कोणी व कशी कळवायची, याचा उल्लेख कुठे आढळला नाही.

अजेय आज आला नाही. येईन असे तो म्हणालाही नव्हता. तेव्हा ही नोंद अनावश्यक आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

अजेय आपला भागीदार घेऊन आला. नाव शंतनु, पुण्याचा, दाढी राखलेली. मुक्काम एस्प्लनेडजवळच्या हॉटेलात. त्याने मांडीवर संगणक उघडून मला चित्रे दाखवली. हेम्पचा कागद, हेम्पचे कापड, हेम्पची वीट, हेम्पचे लाडू.

“सर, या एका झाडाचे पन्नास हजार उपयोग आहेत.”

“एकोणपन्नास हजार म्हणाला असता तर कोणी मोजले असावेत असे वाटले असते. पहिले दहा सांगा.”

त्याने सात सांगितले. त्यांपैकी तीन तेलच होते.

दोघांची मागणी अशी. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी तेलावर व्याख्यान द्यावे आणि पत्रकाला मजकूर लिहावा. कलकत्त्यातील मराठी माणसे, म्हणजे बँका आणि केंद्र सरकारची कार्यालये यांतून बदलीवर आलेली आणि इथेच निवृत्त झालेली कुटुंबे, माझ्या शब्दाला मानतात, असे अजेयचे म्हणणे. “बाबा, तुम्ही ‘कदाचित’ म्हणालात तरी लोक दोन बाटल्या घेतील.” तेहेतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्याचे हे फळ असेल तर ते चिंतनीय आहे.

मी सांगितले की प्रमाणाशिवाय मी काहीही म्हणणार नाही. प्रयोग करू. वृंदाच्या गुडघ्यांवर चौदा दिवस रोज तेल लावायचे. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या चौतीस. न थांबता ती किती चढते, हे रोज मोजायचे. एक अट घातली. मात्रेत आणि दाबात फरक पडू नये म्हणून तेल दररोज एकाच व्यक्तीने, संध्याकाळी साडेसहा वाजता लावावे. ती व्यक्ती अजेय.

“रोज? राजारहाटहून?” तो म्हणाला.

“प्रयोगात सवलत नसते.”

वृंदा हसली. कारण विचारले असता म्हणाली, “काही नाही. प्रयोग चांगला आहे.”

१० ऑगस्ट, रविवार

दिवस पहिला. अकरा पायऱ्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

दिवस चौथा. सोळा. अजेय तेल लावून झाल्यावर लगेच निघत नाही. आज थालीपीठ खाऊन गेला. याचा प्रयोगाशी संबंध नाही. वेळेची नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दिवस सहावा. वीस. सुट्टी असल्याने मानसीही आली. तिने वृंदाला नवी साडी दाखवली. तेल लावताना अजेय आईला भांगेच्या शेतीबद्दल सांगत होता. “आई, माणूस उभा राहिला तर दिसत नाही, एवढं उंच पीक.”

वृंदा म्हणाली, “तू पाहिलंस?”

“फोटोत.”

“मग जाऊन ये एकदा. आणि मोजे घेऊन जा.”

१७ ऑगस्ट, रविवार

दिवस आठवा. अजेय येऊ शकला नाही. शंतनुसोबत कोणा गुंतवणूकदाराला भेटायला गेला. घरकाम करणाऱ्या मिनतीने तेल लावले. तेच तेल, तेवढेच थेंब, तीच वेळ. पायऱ्या अकरा.

मिनतीच्या हाताचा दाब कमी पडत असावा.

२३ ऑगस्ट, शनिवार

दिवस चौदावा. चौतीस. मध्ये कुठेही न थांबता. वर आल्यावर वृंदा म्हणाली, “लिंबं राहिली की,” आणि पुन्हा उतरून गेली.

मी टेबलाशी बसून पाच अवयवांचे अनुमान मांडले. प्रतिज्ञा: विजया तेल गुडघेदुखी शमवते. हेतू: कारण तेलाच्या वापराबरोबर पायऱ्या वाढल्या. पुढे उदाहरण, उपनय आणि निगमन. वर शीर्षक दिले: ‘विजया तेलाची सिद्धी’. सिद्धी म्हणजे निःसंशय प्रस्थापना. हा शब्द मी आयुष्यात फार जपून वापरला आहे. सतराव्या तारखेची नोंद अपवाद म्हणून तळटिपेत दिली.

प्रयोग संपला. मात्रा टिकून राहावी म्हणून अजेयने येत राहावे, असे मी त्याला सुचवले. तो ‘बरं’ म्हणाला.

३० ऑगस्ट, शनिवार

मंडळाच्या गणेशोत्सवात चाळीस मिनिटे बोललो. सभागृह भरले होते. माझ्यानंतर सुगम संगीत आणि मग जेवण होते, हे लक्षात घेऊनही उपस्थिती चांगली म्हणावी लागेल. मी कायद्यातील व्याख्या समजावली, मग पाच अवयव सांगितले. हेत्वाभासांपर्यंत पोहोचलो तेव्हा मागच्या रांगेतून वाटली डाळीचा वास येऊ लागला.

प्रश्नोत्तरे झाली. उदय नावाचे बँकेतील गृहस्थ उठले. “काका, एकच विचारतो. चढते का?”

“पायऱ्या?”

“नाही हो. डोक्यात.”

मी पानांच्या संगतीचा नियम पुन्हा सांगितला. ते बायकोकडे वळून म्हणाले, “नाही चढत. एकच घे.”

एकेचाळीस बाटल्या खपल्या. शोभाताई आपल्या बहिणीला सांगत होत्या, “अगं, श्यामरावांनी सिद्ध केलंय.” काय सिद्ध केले, हे बहिणीने विचारले नाही. तळटिपेविषयीही कोणी विचारले नाही. चौदा वर्षांखाली मी याच सभागृहात ‘प्रमाण म्हणजे काय’ या विषयावर बोललो होतो; तेव्हा नऊ श्रोते होते आणि त्यांतले दोघे खुर्च्या लावणारे होते. आज दारापर्यंत लोक नमस्कार करत होते. माणसांची जिज्ञासा वाढली आहे, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी.

परतताना टॅक्सीत अजेय म्हणाला, “थँक्यू, बाबा.” मी खिडकीची काच वर घेतली. वारा फार होता.

४ सप्टेंबर, गुरुवार

शंतनुला बंगाली पत्रक हवे आहे. सॉल्ट लेकमध्ये घरोघरी वर्तमानपत्रात घालून वाटायचे. अजेय भाषांतराला माणूस शोधत होता. मी म्हणालो, गरज नाही. बंगाली मी एकतीस वर्षे वाचतो. माझा मजकूर संस्कृत शब्दांनी बांधलेला. ते शब्द दोन्ही भाषांत सारखेच. क्रियापदे बदलली आणि लिपी बदलली की झाले. एका दुपारचे काम.

वृंदा म्हणाली, “नसती उपाधी कशाला अंगावर घेता? निदान मिनतीला वाचून दाखवा.”

मिनतीने तर्कशास्त्राचा अभ्यास केलेला नाही, हे मी नम्रपणे सांगितले.

वृंदाच्या वाक्यात उपाधी हा शब्द चुकीच्या अर्थाने आला होता. मी दुरुस्त केला. ती म्हणाली, “आमच्या घरात हाच अर्थ.”

मथळा ठसठशीत झाला: ‘विजया। चौदा दिवसांत घरबसल्या सिद्धी।’ पाच हजार प्रती.

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रतिसाद अपेक्षेबाहेर आहे. पत्रकावर माझाच दूरध्वनी क्रमांक असल्याने सकाळपासून अकरा बंगाली गृहस्थांनी सिद्धीविषयी विचारणा केली. नवद्वीपचे नैयायिक जाऊन शतके लोटली, तरी या समाजाची प्रमाणशास्त्रावरील आस्था जिवंत आहे. मराठी श्रोत्यांनी ‘चढते का’ विचारले. इथे थेट सिद्धीवर प्रश्न.

एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, सिद्धी दुधात उत्तम की पाण्यात? मी म्हणालो, सिद्धी माध्यमावर अवलंबून नसते, ती स्वयंपूर्ण असते. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. मग म्हणाले, “दारुण बोलेछेन.” फार छान बोललात.

शेजारच्या ब्लॉकच्या दुर्गापूजा समितीच्या चिटणिसांनी दशमीसाठी पाच लिटरची मागणी नोंदवली. तेल म्हणून पाच लिटर अधिक वाटते. परंतु समितीत वयस्क सदस्य पुष्कळ असणार.

अजेयला सांगितले. तो आनंदाने आईला म्हणाला, “आई, बाबांनी मार्केट उघडलं.” वृंदाने त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. पायऱ्या चौतीस, हल्ली मोजायचे कारण उरलेले नाही, पण मोजतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दहा वाजता अबकारी खात्याचे दोन अधिकारी आले. सभ्य होते, बूट दाराबाहेर काढले. वरिष्ठाच्या हातात माझे पत्रक होते.

“हे आपण लिहिलंत?” त्यांनी बंगालीत विचारले.

“होय.”

“सिद्धी या घरात आहे?”

“आहे. सविस्तर आहे. दाखवतो.”

मी फाईल आणली आणि पाच अवयव क्रमाने वाचून दाखवले. धाकटा अधिकारी लिहून घेत होता. उदाहरणापाशी आल्यावर वरिष्ठ मला बंगाली रीतीने काका करून म्हणाले, “मेसोमशाय, ते झालं. सिद्धी ठेवलीय कुठे? किती किलो?”

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मिनतीच्या हसण्याचा आवाज आला. ती तोंडावर पदर धरून उभी होती. खुलासा तिनेच केला. बंगालीत सिद्धी म्हणजे भांग. घोटलेली, दुधातली. ती दशमीला, देवीच्या विसर्जनानंतर पितात. आणि त्या दिवसाला विजया म्हणतात. तेव्हा मी पाच हजार घरांना ऐन पूजेच्या तोंडावर कळवले होते की विजयेसाठी चौदा दिवसांत घरपोच भांग मिळेल. खाली स्वाक्षरी, पदव्यांसह.

एकतीस वर्षांत दशमीला मी घराबाहेर पडलेलो नाही. गर्दी मला मानवत नाही.

वृंदा म्हणाली, “आमच्या बँकेत दर वर्षी द्यायचे ग्लासातून. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

अधिकाऱ्यांनी कागदपत्रांच्या प्रती आणि सहा बाटल्या तपासणीसाठी नेल्या. जाताना वरिष्ठांनी मला वाकून नमस्कार केला. ते हसू दाबत होते, असे मिनती म्हणते.

संध्याकाळी अजेय आला, पण तेल लावायला बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, “तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं मी. माणूस मिळत होता भाषांतराला.” मी म्हणालो की शब्द शुद्ध होता. “शुद्धच होता, बाबा. तुमचे सगळेच शब्द शुद्ध असतात.”

तो निघून गेला.

२२ सप्टेंबर, सोमवार

अकरा दिवस अजेय आलेला नाही.

आज वरिष्ठ अधिकाऱ्यांचा दूरध्वनी आला. आवाजात आता संकोच होता. “मेसोमशाय, प्रकरण आमच्याकडून बंद. तुमच्या तेलात सिद्धी नाही.”

मी विचारले, “अंशतःही नाही?”

“काहीच नाही. भांगेचं पान नाही, सीबीडी नाही. तिळाचं तेल आहे. थोडा कापूर.”

‘यात सिद्धी नाही’ हे मी पूर्वी अनेक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर निराळ्या शब्दांत लिहिलेले आहे. ऐकण्याची ही पहिली वेळ.

अजेयला दूरध्वनी केला. त्याला कालच कळले होते. जुलैत पीक तपासले तेव्हा प्रमाण ०.४१ भरले, सगळे शेत जाळावे लागले. झाडाने कायदा वाचला नव्हता. शंतनुने पुढचे पीक येईपर्यंत बाजारातली आपली जागा राहावी म्हणून बाटल्यांत तिळाचे तेल भरले. त्याने यासाठी जो शब्द वापरला तो ‘प्लेसहोल्डर’. तो आता पुण्याला आहे आणि दूरध्वनी उचलत नाही.

“बाबा, मला खरंच माहीत नव्हतं,” अजेय म्हणाला.

“ते गृहीत आहे.”

“मग संपलं. आता काय.”

मी विचारले, “संध्याकाळी येणार आहेस?”

“कशाला? तेल तर तिळाचं आहे.”

उत्तर बिनतोड होते. मी दूरध्वनी ठेवला.

२८ सप्टेंबर, रविवार

षष्ठी. बाहेर दुर्गापूजेचे ढोल, म्हणजे ढाक, वाजत आहेत. वृंदाने आज बारा पायऱ्या चढून कठडा धरला. मिनती रोज तेल लावते. अजेय लावत होता त्याच बाटलीतले.

दुपारी वही काढून तुलना केली. तेल आहे आणि पायऱ्या चौतीस: पुष्कळ दिवस. तेल आहे आणि पायऱ्या अकरा: सतरा ऑगस्ट. तेल आहे आणि पायऱ्या बारा: आज. तेव्हा तेल हा हेतू नव्हे. विद्यार्थ्यांना मी दर वर्षी शिकवत असे: जिथे अग्नी तिथे धूर, हे खोटे आहे, तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धूर ओल्या लाकडामुळे येतो. ओले लाकूड ही उपाधी. चौतीस पायऱ्यांच्या प्रत्येक दिवशी जे होते आणि पायऱ्या घसरल्या त्या दिवशी नव्हते, ते एकच. तळटिपेत मी ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते आणि दोष मिनतीच्या हातांना दिला होता.

वृंदाला सांगितले, “चूक सापडली. यातली उपाधी म्हणजे अजेय.”

ती भाजी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, “पुन्हा तेच म्हणालात.”

“पुन्हा म्हणजे?”

“संक्रांतीला. हेच म्हणाला होतात, भरल्या पानावर.”

“म्हणजे, तुझा रक्तदाब त्याच्यामुळे उतरला.”

“अहो, तो या गावात वाढला. त्याचं मराठी म्हणजे माझं स्वयंपाकघर. उपाधी त्याने माझ्याच तोंडून ऐकलेली. नसती उपाधी. तो समजला, कटकट गेली म्हणून आईचं बीपी उतरलं, असं बाबा म्हणतायत. मीही तसंच समजले होते. दीड वर्ष.”

“मग तू मला विचारले का नाहीस?”

“वाटलं, तुम्ही म्हणालात म्हणजे विचार करूनच म्हणाला असाल.”

मी खिडकी उघडली. छातिमला कळ्या आल्या आहेत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दशमी. शुद्धिपत्र तयार केले. ‘विजया तेलाविषयी दिनांक ३० ऑगस्ट रोजी मी मांडलेले अनुमान सदोष होते. तेलात विजया नाही. सिद्धी कोणत्याही भाषेत नाही. बाटली परत करावी.’ मराठीतील एकेचाळीस प्रती. बंगाली प्रत मिनतीला वाचून दाखवली. तिने तीन शब्द बदलले. ती शेजारच्या पूजा समितीला पाठवली. चिटणिसांनी निरोप दिला की शुद्धिपत्र विसर्जनापूर्वी सर्वांना वाचून दाखवण्यात आले आणि फार आवडले.

एक प्रत वेगळी लिहिली.

४ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस घरोघर जाऊन शुद्धिपत्रे दिली. चाळीस बाटल्या परत आल्या. फक्त शोभाताईंनी दिली नाही. “असू दे तिळाचं. मला गुण आलाय.” तेल कोण लावते, असे विचारले. म्हणाल्या, “हे लावतात. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी करतायत.”

उदय म्हणाले, “काका, मनाला लावून घेऊ नका. मला तर व्याख्यानच आवडलं होतं.” वाटली डाळीविषयी बोलत असावेत.

५ ऑक्टोबर, रविवार

दशमीनंतर इथे धाकटी माणसे थोरांच्या घरी नमस्काराला जातात. मी बस पकडून राजारहाटला गेलो. मानसीने दार उघडले. तिने माझ्या मागे पाहिले, वृंदा सोबत आहे का ते. “बाबा, तुम्ही एकटे?”

“काम अजेयकडे आहे.”

त्याने बेचाळिसावी प्रत उभ्यानेच वाचली. मजकूर असा: ‘गतवर्षीच्या संक्रांतीस जेवणाच्या टेबलावर मी वापरलेला उपाधी हा शब्द शास्त्रातील होता. त्याचा अर्थ: ज्याच्यामुळे ते घडले तो. श्रोत्याला तो अर्थ ठाऊक असेल असे मी गृहीत धरले. दोष वक्त्याचा.’

त्याने तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, “हे आत्ता? दीड वर्षांनी?”

“एक वर्ष आठ महिने वीस दिवसांनी.”

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “मोजत होतात?”

मी म्हणालो की काळाचा उल्लेख नेमका असावा. मानसी चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

अजेयने जुन्या ऑफिसला अर्ज केला आहे. सेक्टर फाइव्हमध्ये जागा आहे म्हणतात. “हेम्प सोडलं?” मी विचारले. “पुढच्या वर्षी बघू. झाड चांगलं आहे, बाबा.” झाडाबद्दल माझीही तक्रार नाही.

निघताना सांगितले की प्रयोगाचा निकाल रद्द झाल्याने तो नव्याने करावा लागेल. या वेळी तेल घरातले, तिळाचे, बाजारातून आणलेले. वेळ साडेसहा.

“पण आता सिद्ध काय करायचंय?” तो म्हणाला.

“ते प्रयोगानंतर ठरते.”

७ ऑक्टोबर, मंगळवार

सहा वाजून चाळीस मिनिटे झाली तरी घंटा वाजली नाही. वृंदा तेलाची वाटी कोमट करून बसली होती. मी पुस्तक उघडले होते. पान कोणते, ते आठवत नाही.

सहा बेचाळीसला कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

“आई, बस अडकली होती उल्टाडांग्याला,” अजेय आत येता येता म्हणाला. चप्पल काढून तो थेट खाली बसला आणि वाटी पुढे ओढली.

दिवस पहिला. बारा मिनिटे उशीर. तेल तिळाचे. पायऱ्या मोजल्या नाहीत. वृंदा म्हणाली, उद्या मोजा. चौदा दिवस पुरणार नाहीत असे दिसते. नमुना लहान असला की निष्कर्ष उतावीळ होतो. मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवल्याचे अजेयला कळवले आहे.